‘टार हील्स’ हे नाव जनरल लीने दिलेलं नाही

चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे संघ, म्हणजे मायकेल जॉर्डन ज्या संघातून खेळला तो बास्केटबॉल संघसुद्धा, ‘टार हील्स’ म्हणजे डांबरी टाचांचे म्हणून ओळखले जातात. त्यामागचा एक किस्सा सर्रास सांगितला जातो: अमेरिकी यादवी युद्धात नॉर्थ कॅरोलायना राज्याचे सैनिक हटेनात, तेव्हा दक्षिणेचा सेनापती जनरल रॉबर्ट ली म्हणाला, ‘टाचांना डांबर लागल्यासारखे उभे आहेत’, आणि तेच नाव पडलं.

ली तसं म्हणाला असेलही. मेजर जोसेफ एंगलहार्डच्या ऑगस्ट १८६४ च्या पत्रात ते वाक्य आहे. पण ६ फेब्रुवारी १८६३ लाच लॉरन्स नावाच्या सैनिकाने डायरीत लिहून ठेवलंय की इथली पाइनची जंगलं पाहून आपल्याला टार हील्स का म्हणतात ते कळलं. म्हणजे लीच्या वाक्याच्या दीड वर्ष आधीच नाव रुळलेलं होतं. आणि लॉरन्सला त्याचं कारण रणांगणात नाही, जंगलात सापडलं.

दुसरा किस्सा १७८१ चा, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला: इथली टार नदी ओलांडताना सेनापती कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश सैनिकांचे पाय डांबराने माखले. पाय ब्रिटिशांचे माखले, तर नाव स्थानिकांना कसं चिकटलं?

खरं कारण डांबर काढायच्या भट्टीत आहे. १७०५ पासून ब्रिटन जहाजांसाठी लागणाऱ्या डांबरावर टनामागे चार पौंड अनुदान देत होता. लाँगलीफ पाइनची वाळलेली, राळेने भरलेली गाभ्याची लाकडं मध्याकडे उतरत्या मातीच्या तळावर रचायची, वरून माती लिंपायची, आग लावून ती दिवसचे दिवस धुमसत ठेवायची. डांबर तळाशी झिरपून चरातून बाहेरच्या खड्ड्यात येई. हवा जास्त शिरली की लाकूड भडकून पेटे आणि डांबर जळून जाई. म्हणून माणसं रात्रंदिवस भट्टीभोवती राबत आणि त्यांच्या टाचांना डांबर लागे; त्यात गुलाम कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते.

‘हा पहिल्यापासून बहुमान होता’ हेही चूक. अशा गरीब, मळक्या लोकांना हिणवायचा तो शब्द होता. सैनिकांनी तो मिरवायला सुरुवात केली, १८९३ मध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या वर्तमानपत्राला ‘द टार हील’ नाव दिलं. श्रेय सेनापतीला दिलं की भट्टीवर राबणारे गोष्टीतून गायब होतात, आणि आमचा खरा आक्षेप त्यालाच आहे.

संघाचं शुभचिन्ह असलेल्या मेंढ्याचा या वादाशी संबंध नाही. तो १९२४ मध्ये, ‘बॅटरिंग रॅम’ (रॅम म्हणजे मेंढा) म्हणवल्या जाणाऱ्या जॅक मेरिट या फुटबॉलपटूवरून सुचला आणि टेक्ससहून २५ डॉलरला आणला.