वाईन, गंधक आणि थॉम्सन: एका फिरत्या मजकुराला उत्तर

कर्नाटकातील अथणी, विजापूर आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातील जत भागातील द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर वाईनविषयीचा एक लांब मराठी मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: पूर्वीची वाईन केवळ द्राक्षाची, पायाने तुडवलेली, निर्मळ आणि औषधी होती, आताची वाईन स्टीलच्या टाकीत, प्रयोगशाळेतले यीस्ट आणि गंधक घालून बनवलेले रसायन आहे, म्हणूनच डोके दुखते, फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल, ओकच्या पिंपाऐवजी आता लाकडाचे तुकडे घालतात, आणि यंत्रसामग्री इतकी पुढे गेली आहे की कोणत्याही द्राक्षाची वाईन होते, तेव्हा बागायतदारांनी बेदाण्याचा भाव पडला की उरलेला थॉम्सन, म्हणजे खाण्याचे आणि बेदाण्याचे बिनबियांचे द्राक्ष, वाईनरीला द्यावा. माझे शिक्षण रसायनशास्त्राचे आणि घर द्राक्षबागेचे आहे. या मजकुरातील एक मुद्दा बरोबर आहे, काही अर्धवट आहेत, आणि शेवटचा तर आमच्या लोकांच्या खिशाला थेट इजा करणारा आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

जुन्या निर्मळ वाईनची कल्पना इतिहासाला धरून नाही. रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यांत आटवत आणि तो गोड काढा वाईनमध्ये मिसळत. शिसे शरीरात साठणारे विष आहे. ग्रीसमध्ये पाइनचा राळ घातलेली वाईन आजही मिळते, आणि ती चव मुळात वाईन टिकवण्याच्या खटपटीतून आलेली आहे. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाईनचे पुरावे सापडलेल्या जॉर्जियात मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यांत रस आंबवतात. त्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रांजण जमिनीत पुरण्याने आतला रस थंड राहतो, म्हणजे तापमानावर ताबा ठेवण्याचे ते तंत्रच होय. आजच्या टाकीभोवती थंड पाणी खेळवणारे वेष्टण असते, ते याच कामाचे.

तापमानाचा हा प्रश्न आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडखाली फुटलेल्या मण्यांचा रस साचतो, तो दुपारपर्यंत फसफसू लागतो आणि दोन-चार दिवसांत त्याला आंबूस, तीव्र वास येतो. ही निसर्गाच्या भरवशावर सोडलेली आंबवण आहे आणि तिचा शेवट बहुधा शिरक्यात होतो. यीस्ट साखर खाते तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर उष्णताही निर्माण होते. एका लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल मिळते, त्यामुळे १३ टक्क्यांची वाईन व्हायची तर लिटरमागे २२० ग्रॅमच्या आसपास साखर आंबावी लागते; या प्रवासात निघणारी उष्णता बाहेर काढली नाही तर मोठ्या टाकीतील रसाचे तापमान पंचवीस अंशांहूनही अधिक वाढू शकते. बाहेर पारा ३५ च्या पुढे असताना असे झाले तर यीस्ट मध्येच मरते, साखर तशीच उरते आणि त्या अर्धवट रसावर जिवाणू ताबा मिळवतात. पांढऱ्या वाईनसाठी साधारण १२ ते १६ अंश आणि लाल वाईनसाठी २४ ते ३० अंश राखण्याची सोय नसती, तर दख्खनच्या पठारावर पिण्याजोगी वाईन हंगामामागून हंगाम तयार होणे अशक्य होते. थंड युरोपातही ही गरज मान्य झाली. फ्रान्सच्या बोर्दोमधील ओ-ब्रियाँ हे वाईनचे शतकानुशतकांच्या परंपरेचे घराणे; त्याने १९६१ मध्येच आंबवणीसाठी स्टीलच्या टाक्या बसवल्या. स्टील धुता येते, त्यात जुना जंतू दडून बसत नाही आणि ते रसाला स्वतःची चव देत नाही. त्यात परंपरेचा अपमान कोठे झाला, हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

प्रयोगशाळेतले यीस्ट हा शब्द मजकुरात भीती घालण्यासाठी वापरला आहे. ज्या घरात दही लावतात तिथे त्याचा अर्थ क्षणात कळावा. चांगल्या दह्याचे विरजण राखून ठेवायचे, शेजारणीकडून मागून आणायचे, आणि नुसते दूध उघडे ठेवून ते आपोआप कसे नासते याची वाट पाहायची नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. वाईनसाठी वापरले जाणारे बहुतेक यीस्ट असेच, चांगल्या बागांतून आणि तळघरांतून निवडून वाढवलेले आहे. रस आंबतो तो जिवंत सूक्ष्मजीवांमुळे, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, आणि त्यानंतरच कोणते यीस्ट हवे व कोणते नको हे निवडणे शक्य झाले. मण्यांवरच्या रानटी यीस्टवर भरवसा ठेवून उत्तम वाईन करणारेही आहेत. पण तेसुद्धा रोज नमुना तपासतात, घनता मोजतात आणि बिघाड दिसताच हस्तक्षेप करतात.

पायाने तुडवण्याविषयी एकच सांगतो. पायाचा गुण असा की मणी फुटतो आणि बी चिरडत नाही, त्यामुळे बियांतला कडवटपणा रसात उतरत नाही. आजच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसमध्ये रबरी पडदा फुगून द्राक्षाला हळूवार दाबतो, तोही याच कारणासाठी.

आता गंधक. मजकुराचा सगळ्यांत मोठा भर यावर आहे, आणि आमच्या भागातील माणसाने तो पुढे पाठवावा याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटते. वाईनमध्ये सल्फर डायऑक्साइड घालतात ते जिवाणू रोखण्यासाठी आणि हवेने रस काळवंडू नये म्हणून. ते मुळीच न घातले तरी यीस्ट स्वतः थोडे निर्माण करते. युरोपीय संघाची कमाल मर्यादा कोरड्या लाल वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि कोरड्या पांढऱ्या वाईनला २०० मिलिग्रॅम आहे. आपल्या बेदाण्याचे काय? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून, रॅकच्या जाळीवर पंधरवडाभर सुकवून, रंग खुलावा म्हणून आपण त्याला गंधकाची धुरी देतो. अशा धुरी दिलेल्या बेदाण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाने किलोमागे १५०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा ठेवली आहे. दोन्ही पदार्थ आपापल्या मर्यादेच्या टोकाशी आहेत असे धरून हिशेब केला, तर ३० ग्रॅम म्हणजे मूठभर बेदाण्यात ४५ मिलिग्रॅम येतात, आणि १५० मिलिलिटर लाल वाईनमध्ये साडेबावीस. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणा आनंदाने घालणाऱ्याने वाईनच्या गंधकाला विष म्हणायचे असेल, तर आधी स्वतःच्या शेडकडे पाहावे लागेल. गुळाचा रंग उजळण्यासाठी गुऱ्हाळात वापरल्या जाणाऱ्या हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) या पावडरीचे नातेही गंधकाशीच आहे.

याचा अर्थ गंधक प्रत्येकाला निरुपद्रवी आहे असा नाही. दमा असलेल्या काही लोकांना त्याने खरोखर त्रास होतो, आणि म्हणूनच युरोपात २००५ पासून लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक सल्फाइट (म्हणजे हेच गंधक) असल्यास लेबलवर तसे लिहिणे सक्तीचे आहे. परंतु डोकेदुखीचा दोष त्याच्यावर ढकलणे तर्काला धरून नाही, कारण लोक डोकेदुखीची तक्रार बहुधा लाल वाईनबद्दल करतात आणि गंधकाचे प्रमाण सहसा पांढऱ्या वाईनमध्ये जास्त असते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२३ मध्ये वेगळी शक्यता मांडली: लाल द्राक्षाच्या सालीतील क्वेर्सेटिन नावाच्या संयुगापासून शरीरात बनणारा पदार्थ अल्कोहोलचे विघटन करणाऱ्या एका एन्झाइमला अडवतो. ही अजून शक्यताच आहे, परंतु तिच्यात दोष द्राक्षाच्या सालीकडे जातो, यंत्राकडे नाही. आणि अल्कोहोल स्वतः डोके दुखवते, हे तर सांगायलाही नको.

झाकणाचा मुद्दा लहान आहे. बुचाच्या सालीत कधीकधी टीसीए नावाचे संयुग असते, १९८१ मध्ये त्याची ओळख पटली, आणि त्याचे लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरेसे होऊन संपूर्ण बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. या त्रासाला कंटाळून ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतील रिझलिंग या पांढऱ्या वाईनच्या उत्पादकांनी २००० च्या सुमारास एकत्रितपणे फिरकीचे झाकण स्वीकारले, आणि ती त्यांची उत्तम प्रतीची वाईन होती.

लाकडाच्या तुकड्यांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. ओकचे पिंप महाग असते, म्हणून टाकीत ओकचे तुकडे टाकून तशीच चव आणण्याची पद्धत आहे आणि युरोपीय संघानेही २००६ मध्ये तिला परवानगी दिली. त्यात आरोग्याला धोका नाही, परंतु गिऱ्हाइकाला पिंपात मुरलेली वाईन म्हणून तुकड्यांची चव विकली जात असेल तर ती फसवणूक आहे. त्याहून गंभीर भेसळीही झालेल्या आहेत: १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी वाईन गोड व जड भासावी म्हणून डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन घातले होते, आणि १९८६ मध्ये इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाईनने वीसहून अधिक माणसे दगावली. मजकूर लिहिणाऱ्याने या घटना सांगितल्या असत्या तर मी त्याचा आदर केला असता. अशी भेसळ मात्र जीभ ओळखू शकत नाही, ती प्रयोगशाळेतच पकडावी लागते. युरोपात डिसेंबर २०२३ पासून तयार होणाऱ्या वाईनला घटकांची यादी देणे बंधनकारक झाले आहे, बाटलीवरच्या क्यूआर कोडमधूनही ती देता येते, आणि आपल्याकडेही ग्राहकांनी हीच मागणी करावी असे माझे मत आहे.

पूर्वीची वाईन औषधी होती, या वाक्याने सर्वाधिक नुकसान होते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असे बोलले गेले, आणि ते वाक्य सीमेच्या अलीकडेही आले. पायाने तुडवलेली असो वा स्टीलमध्ये आंबवलेली, वाईनमधले इथेनॉल तेच असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही. तंत्रज्ञानाने वाईन स्वच्छ आणि स्थिर झाली, आरोग्यदायी झाली नाही, आणि ती पूर्वीही तशी नव्हती.

राहिला शेवटचा सल्ला, की यंत्र चांगले असेल तर कोणतेही द्राक्ष चालते. खाण्याच्या थॉम्सनमध्ये आपण जे जे साधण्यासाठी वर्षभर राबतो, ते बहुतेक सगळे वाईनच्या विरुद्ध जाते. जीए (जिबरेलिक ॲसिड) या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवून आपण मणी लांब आणि फुगीर करतो. वाईनला लहान मणी हवा, कारण रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. आपण बिनबियांचे, पातळ सालीचे, नुसत्या गोडीचे फळ पिकवतो. वाईनमेकर साखरेइतकाच आंबटपणा पाहतो, आणि उन्हात पूर्ण पिकलेल्या थॉम्सनमध्ये तोच उतरलेला असतो. टार्टारिक आम्ल घालून आंबटपणा सुधारता येतो, उष्ण प्रदेशांत ते सर्रास करतात. वास मात्र कोठून आणणार? शिराझ या लाल द्राक्षाच्या वाईनमधील मिऱ्यासारखा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवले, आणि ते संयुग मण्याच्या सालीत असते. जे बागेत तयारच झाले नाही ते टाकीत निर्माण करणारे यंत्र नाही. थॉम्सनपासून स्वस्त वाईन आणि ब्रँडीसाठीचा मद्यार्क होतो, हे खरे. पण त्या मालाला मिळणारा भाव बेदाण्याच्या पडलेल्या भावाला वाचवील, ही आशा बाळगून कोणी काढणी लांबवू नये.

वाईनचे वाण लावायचे असतील तर तो वेगळा व्यवसाय आहे. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये धोरणे आणली तेव्हा अनेकांनी उत्साहाने तो धरला. माझ्या मामांनीही ऐगळीजवळच्या दोन एकरांत एका खरेदीदाराच्या तोंडी शब्दावर लाल वाईनचे वाण लावले होते. डॉगरिजच्या खुंटावर कलमे जोमाने आली, तारा भरल्या, आणि तिसऱ्या वर्षी माल तयार झाला तेव्हा खरेदीदाराने फोन उचलणे बंद केले. ते लहान, आंबट-तुरट मणी खायलाही कोणी घेईना आणि बी असल्यामुळे त्यांचा बेदाणाही होईना. वाण चुकीचा नव्हता, बागही उत्तम होती; लेखी करार नव्हता, भाव कोणत्या ब्रिक्सला (रसातील साखरेच्या मापाला) किती हे ठरलेले नव्हते, आणि काढणीनंतर काही तासांत माल थंड ठेवील अशी वाईनरी जवळपास नव्हती. त्या मालाला दुसरे गिऱ्हाईक नसते, म्हणून या तीन गोष्टी लेखी हाती आल्याशिवाय खड्डा खणू नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मामांनी पुढच्या पावसाळ्याआधी ती दोन एकर उपटली. आज तिथे पुन्हा थॉम्सन आहे, आणि त्याचा बेदाणा दर वर्षी तासगावच्या सौद्याला जातो.