गोळीतला स्टार्च आणि शिरेतला स्टार्च : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वनस्पतींपासून मिळणाऱ्या स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करून तो औषधांत कसा वापरतात, या माझ्या लेखावर आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला समजले ते असे : साधी तवकील किंवा मक्याचा स्टार्च हाताशी असताना मोनोक्लोरोअॅसिटिक आम्लासारखे विषारी द्रव्य वापरण्याचे कारण काय, त्या प्रक्रियेचे अवशेष गोळीवाटे रुग्णाच्या पोटात जात नाहीत का, आणि ‘सुधारित स्टार्च निरुपद्रवी असतो’ असे बिनधास्त लिहिताना शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिएथिल स्टार्चमुळे रुग्णांच्या मूत्रपिंडांना झालेली इजा मी का लपवली. शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. लपवण्याचा हेतू नव्हता; लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर केवळ गोळ्या होत्या. पण वाक्य मी सरसकट लिहिले आणि ते तसे लिहिणे चुकीचे होते.

साधा स्टार्च रक्तात सोडला, तर अमायलेज हे विकर त्याचे झपाट्याने तुकडे करते. रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांत द्रव टिकवून धरायचा असेल, तर असा स्टार्च कामाचा नाही. म्हणून मेणचट मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चला एथिलीन ऑक्साइडच्या साहाय्याने हायड्रॉक्सिएथिल गट जोडले जातात; हाच हायड्रॉक्सिएथिल स्टार्च. हे गट विकराची वाट अडवतात आणि स्टार्च तासन् तास रक्तात राहतो. मात्र जे विकराला सहज तुटत नाही, ते शरीरातून सहज बाहेरही पडत नाही. त्याचा काही भाग ऊतींमध्ये साठतो; त्वचेत साठला की दीर्घकाळ खाज सुटते आणि मूत्रपिंडावरील परिणाम तर त्याहून गंभीर आहे. तीव्र जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या ७९८ रुग्णांवरील स्कँडिनेव्हियातील चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ९० दिवसांच्या आत हा स्टार्च दिलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण दगावले, तर रिंगर्स अॅसिटेट हे साधे क्षारद्रावण दिलेल्यांपैकी ४३ टक्के. डायलिसिससारखे उपचार लागण्याचे प्रमाण अनुक्रमे २२ आणि १६ टक्के होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील सुमारे ७००० रुग्णांच्या चाचणीत मृत्युदरात ठळक फरक दिसला नाही, पण मूत्रपिंडांना कृत्रिम आधार देण्याची गरज मात्र वाढलेली दिसली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या द्रावणांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आणि युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्यांची विक्रीपरवानगी स्थगित केली. हे सारे माझ्या लेखात असायलाच हवे होते.

आता गोळीकडे वळू. कच्चा स्टार्च गार पाण्यात फारसा फुगत नाही. कालवलेले कॉर्नफ्लोअर थोड्या वेळाने तळाशी बसलेले आपण पाहतोच. गोळी पोटात गेल्यावर फुटून औषध मोकळे व्हावे लागते; त्यासाठी असा स्टार्च साधारणपणे गोळीच्या वजनाच्या ५ ते १५ टक्के घालावा लागतो. औषधाची मात्राच मोठी असेल, तर एवढी भर टाकल्यावर गोळी गिळण्याजोगी राहत नाही. शिवाय कोरडा स्टार्च यंत्राच्या साच्यात नीट ओघळत नाही आणि दाबला तरी घट्ट बसत नाही. साबुदाण्याप्रमाणे तो आधी उष्णतेने अर्धवट शिजवून घेतला, तर गार पाणी शोषू लागतो. ही भौतिक प्रक्रिया आहे, तिच्यात कोणतेही बाहेरचे रसायन जोडले जात नाही, आणि अनेक गोळ्यांत असाच स्टार्च असतो. तेव्हा आपली सूचना औषधनिर्मितीने पूर्वीच स्वीकारलेली आहे. परंतु जिथे थोडक्या स्टार्चकडून झटपट काम हवे असते, तिथे सोडियम स्टार्च ग्लायकोलेट हा रासायनिक प्रक्रियेने बनवलेला सुधारित स्टार्च लागतो. तो साधारण २ ते ८ टक्के पुरतो. बहुतेकदा ४ टक्क्यांच्या आसपास.

तो घडवताना दोन क्रिया होतात आणि दुसरीशिवाय पहिली निरुपयोगी ठरते, हे मला मूळ लेखात नीट सांगता आले नव्हते. अल्कधर्मी माध्यमात सोडियम मोनोक्लोरोअॅसिटेटशी, म्हणजे आपण म्हणता त्या आम्लाच्या सोडियम क्षाराशी, संयोग होऊन साधारण दर चार ग्लुकोज घटकांपैकी एकावर कार्बॉक्सिमिथिल गट बसतो आणि स्टार्चची पाण्याची ओढ कितीतरी वाढते. पण एवढ्यावरच थांबलो, तर गोळीच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार होईल. पिठल्यात गुठळी राहिली की ती बाहेरून शिजलेली आणि आतून कोरडी पिठूळ असते. गोळीचे नेमके तसेच होईल आणि पाणी आत पोहोचणारच नाही. म्हणून स्टार्चच्या साखळ्या फॉस्फेटच्या दुव्यांनी एकमेकींशी बांधल्या जातात. मग कण पाणी पिऊन फुगतो, पण विरघळून चिकट होत नाही, आणि फुगता फुगता गोळी फोडतो. फॉस्फेट स्टार्चला परकेही नाही. बटाट्याच्या स्टार्चमध्ये ते निसर्गतःच जोडलेले असते, फक्त ते दोन साखळ्या बांधत नाही.

मोनोक्लोरोअॅसिटिक आम्ल विषारी आणि दाहक आहे, त्वचेतून शरीरात शिरते, हे आपले म्हणणे पूर्णपणे खरे आहे, आणि कारखान्यात ते हाताळणाऱ्या कामगाराची काळजी हा गंभीर विषय आहे. रुग्णापर्यंत मात्र वेगळी गोष्ट पोहोचते. अभिक्रियेत क्लोरीन मिठाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि उरलेले अभिकारक अल्कलीत मोडून त्याचे सोडियम ग्लायकोलेट होते. अमेरिकी आणि युरोपीय औषधकोशांनी या पदार्थात ग्लायकोलेटची कमाल मर्यादा २ टक्के आणि मिठाची ७ टक्के ठेवली आहे. म्हणजे ६०० मिलिग्रॅम वजनाच्या गोळीत ४ टक्के सोडियम स्टार्च ग्लायकोलेट धरले, तर ते २४ मिलिग्रॅम होते. त्यात ग्लायकोलेट जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम आणि मीठ दोन मिलिग्रॅमहूनही कमी. रक्तदाबाच्या रुग्णाने सोडियमची चिंता करावी ती पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांची; अशा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते.

आपल्या बाजूचे आणखी एक उदाहरण मीच देतो. शल्यविशारदांच्या हातमोज्यांवर टाल्कऐवजी एपिक्लोरोहायड्रिन या रसायनाने प्रक्रिया केलेली मक्याच्या स्टार्चची पूड वापरली जाऊ लागली, तेव्हा ती निर्धोक मानली गेली होती. पुढे हीच पूड पोटाच्या पोकळीत राहिल्याने तिथे दाह होतो, गाठी येतात, असे आढळले आणि अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून पूड लावलेल्या हातमोज्यांवर बंदी आली. तोंडावाटे पचनमार्गात जाणारा स्टार्च, शिरेतून रक्तात जाणारा स्टार्च आणि शस्त्रक्रियेत पोटाच्या पोकळीत सांडणारा स्टार्च यांची सुरक्षितता वेगवेगळी तपासावी लागते. ‘रासायनिक’ हा एकच शिक्का तिघांवर मारला, तर खरा धोका कुठे आहे हेच दिसेनासे होते. मी ‘निरुपद्रवी’ हा एकच शिक्का मारला, तेव्हाही तेच झाले.

पाकिटावरील माहितीविषयी मात्र मी सर्वस्वी आपल्याशी सहमत आहे. आपल्याकडे गोळ्यांच्या पट्टीवर बहुधा ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ (म्हणजे ‘पूरक घटक, आवश्यक तेवढे’) एवढेच छापलेले आढळते. स्टार्च मक्याचा, बटाट्याचा की गव्हाचा, हे सीलिअॅक रोगाच्या, म्हणजे गव्हातले ग्लूटेन न सोसणाऱ्या रुग्णाला कळायला हवे, आणि त्यावर कोणती प्रक्रिया केली आहे, हे आपल्यासारख्या जागरूक वाचकालाही. मूळ लेखातील ते वाक्य मी आजच काढले असून त्याजागी ‘गोळीत, औषधकोशाच्या मर्यादेत वापरलेला सुधारित स्टार्च सामान्यतः सुरक्षित मानला जातो, शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिएथिल स्टार्चला हे लागू नाही’ असे लिहिले आहे.