देश फोडायचाय? घाई करू नका

देश एकत्र ठेवणं हे भलतंच कटकटीचं काम आहे. त्यात दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, अधूनमधून हरावं लागतं, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच माणसांसमोर बसून रस्त्यांचं आणि पाण्याचं बोलावं लागतं. एवढा ताप करून घ्यायला सांगितलंय कोणी? त्यापेक्षा फूट पाडणं सोपं. साहित्य घरचंच, भांडवल लागत नाही, अनुभवाची अट नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं काम निम्म्याच्या वर उरकलंही असेल. तरी जरा रीतसर व्हावं म्हणून चार गोष्टी सांगतो.

नवख्याची पहिली तक्रार ठरलेली: "आमच्यात तसा फरकच नाही हो, भांडायचं कशावरून?" काळजी नसावी. ब्रिस्टलमधल्या हेन्री ताइफेल या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याने शाळकरी मुलांना चित्रं दाखवली आणि नंतर प्रत्येकाला सांगितलं, तुला क्लेची चित्रं आवडतात, तुला कांडिन्स्कीची. खरं तर गट चिठ्ठ्या उचलल्यासारखे पाडले होते. मग मुलांना दोन्ही गटांतल्या निनावी मुलांमध्ये पैसे वाटायला दिले. स्वतःला त्यातला छदामही मिळणार नव्हता. मुलं आपल्या गटाकडे झुकली, यात नवल नाही. गंमत पुढे आहे. आपल्या गटाला भरपूर पैसे मिळतील अशी सोय समोर असताना त्यांचा कल वेगळीकडेच गेला: आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण 'त्यांना' आपल्याहून कमीच मिळायला हवेत. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, तोही एका चित्रकारापायी, ज्याचं नाव बहुधा त्यांनी त्याच दिवशी ऐकलं असेल.

तेव्हा यापुढे कुठलीही योजना जाहीर झाली की "यातून आपल्याला काय मिळालं?" हा भाबडा प्रश्न टाकून द्या. "त्यांना किती मिळालं?" हे विचारा. उत्तर काहीही आलं तरी ते जास्तच असतं.

आता विषय निवडायचा. मोठे विषय टाळा. मोठ्या विषयाला आकडे लागतात, कागदपत्रं लागतात, आणि कधीकधी तर तो चक्क सुटतोसुद्धा. लहानातला लहान विषय घ्या. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९० मध्ये देशाच्या नावातून 'समाजवादी' हा शब्द काढायचा होता. काम एवढंच. पण स्लोव्हाकांनी म्हटलं, काढताच आहात तर मधे एक आडवी रेघ द्या, म्हणजे आम्हीही वेगळे दिसू. चेकांना त्या रेघेवरून १९३८ च्या म्युनिक करारानंतरचे, देशाचे लचके तुटल्यावरचे वाईट दिवस आठवले, कारण तेव्हाही नावात अशीच रेघ होती. बरेच दिवस खल करून संसदेने तोडगा काढला: चेक भाषेत रेघेशिवाय लिहायचं, स्लोव्हाक भाषेत रेघेसकट. हा तोडगा काही आठवडेच टिकला आणि नाव पुन्हा बदलावं लागलं. १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले. भांडण रेघेपलीकडचंही होतं, पैशांचं होतं, सत्तेचं होतं, ते मान्य. तरी 'ध'चा 'मा' करायला दोन अक्षरं तरी लागतात, इथे सुरुवात एका रेघेवर भागली. तेव्हाच्या जनमत चाचण्यांमध्ये दोन्हीकडच्या बहुसंख्य लोकांना फाळणी नको होती. म्हणून त्यांना विचारलंच नाही, सार्वमत झालंच नाही. हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल.

वाटणीला घाबरू नका, तिचीही सोपी रीत आहे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात फ्लेमिश आणि फ्रेंच भाषकांचं इतकं वाजलं की १९६८ मध्ये त्याचे दोन भाग करायचं ठरलं. ग्रंथालयाचं काय? कपाटातल्या क्रमांकांवरून पुस्तकं वाटली: विषम एकाला, सम दुसऱ्याला. भाऊबंदकीत गेलेल्या कोणालाही या न्यायाची थोरवी वेगळी सांगायला नको.

यात मोठा धोका एकच, तो म्हणजे लोक चुकून एक होण्याचा. या प्रकरणाचा अभ्यास मन लावून करा. सहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथांच्या शर्यतींवरून निळे आणि हिरवे असे दोन पक्ष होते. (रंगांवरून कोणी भलता अर्थ काढू नये, सारथ्यांचे अंगरखे त्या रंगांचे असत.) एकमेकांची डोकी फोडणं हा दोघांचा नित्यक्रम. सम्राट जस्टिनियन आपला निळ्यांच्या बाजूने, त्यामुळे राज्य निवांत. पण ५३२ च्या जानेवारीत दंगलखोरांना फाशी देताना मचाणच मोडलं, आणि वाचलेल्या दोघांत एक निघाला निळा, एक हिरवा. पंचाईत झाली! दोन्ही पक्ष मिळून त्या दोघांसाठी माफी मागायला लागले. माफी मिळाली नाही, तेव्हा सारथ्यांना ओरडून सांगायचं ते 'निका!', म्हणजे 'जिंक!', दोघांनी मिळून सम्राटाविरुद्ध ओरडायला सुरुवात केली. शहर जळलं, दुसरा सम्राट नेमला गेला, आणि जस्टिनियन पळायच्या बेतात आला.

मग काय केलं? नार्सेस नावाचा दरबारी सोन्याच्या थैल्या घेऊन शर्यतीच्या मैदानात शिरला आणि निळ्यांच्या पुढाऱ्यांना हळूच आठवण करून दिली: सम्राट तर तुमचाच, आणि हा नवा माणूस हिरव्यांचा. निळे उठून चालू लागले. पाठोपाठ सैन्य आत घुसलं आणि त्याने सरसकट कापाकापी केली. प्रोकोपियस या इतिहासकाराने मेलेल्यांचा आकडा ३०,००० दिला आहे. आठवडाभराची एकी मोडायला एक वाक्य आणि काही थैल्या पुरल्या. हल्ली थैल्याही लागत नाहीत, वाक्य फुकटात पुढे पाठवता येतं.

वाक्यावरून आठवलं. समोरचा काही बोलला की "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" असं विचारत जा. 'तेव्हा' म्हणजे केव्हा, हे सांगायची गरज नसते. तो बिचारा आठवत बसतो, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. माणसाला नावाने हाक मारणंही सोडा. त्याच्या गटाला एक ठेवणीतलं नाव द्या, शक्यतो एखाद्या किड्याचं. आफ्रिकेतल्या रवांडात एका रेडिओ केंद्राने तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणायचा सपाटा लावला होता, आणि १९९४ मध्ये सुमारे १०० दिवसांत तिथे लाखो माणसं मारली गेली. इथे मला पुढचा विनोद सुचत नाही. तुम्हाला तरी सुचतोय का, ते एकदा बघा.

असो. शेवटची खबरदारी. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमात २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं साधारण अकरा वर्षांची, सगळी एकसारख्या घरांतली. दोन गट पाडले, रस्सीखेच लावली, आणि बघता बघता एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. त्यांना एका ठिकाणी जेवायला बसवून पाहिलं, तर अन्नाची फेकाफेक झाली. इथवर उत्तम. पण मग संयोजकांनी मुद्दाम पिण्याचं पाणी बंद पाडलं. सगळी मुलं मिळून बिघाड शोधत फिरली. पुढे खाण्याचं सामान आणणारा ट्रक 'बंद पडला', तर दोन्ही गटांनी त्याला दोरी बांधून ओढलं. कुठली दोरी? तीच, रस्सीखेचीची. परत जाताना सगळी एकाच बसमधून गेली, आणि एका गटाने बक्षिसाचे पाच डॉलर दोन्हीकडच्या पोरांना पेय पाजण्यात उडवले.

एवढ्या मेहनतीचं मातेरं! म्हणून पूर, भूकंप, साथ असं काही आलं की गाफील राहू नका. दोन-तीन दिवस लोक बेसावध असतात, शेजाऱ्याला हात देतात, आडनाव विचारायचं विसरतात. त्याच वेळी कामाला लागा. मदतीची पहिली होडी कोणत्या वस्तीत गेली, ते शोधून काढा.

आणि ती दोरी आधीच कापून ठेवा. तुकडे सारखे नकोत. एक वीतभर लांब असू द्या.