‘तीनच दिवस तर कॉलेज असतं!’ म्हणणाऱ्यांसाठी

‘एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना आठवड्यात जेमतेम तीन दिवस तास असतात, बाकी सगळा वेळ मोबाईलवर जातो’ अशी सुरुवात असलेला एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. खाली उपाय दिलेत: रोज एकाच वेळी, पहाटे चारला उठा, तासांच्या दिवशी पाच तास झोप पुरे, राहिलेली झोप मोकळ्या दिवशी काढा, रोज न चुकता सहा तास अभ्यास करा, 21 दिवसांत सवय लागेल, आणि मोकळ्या दिवशी नोकरी करा. आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लेकीला टॅग केलं. ती पुण्यात एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने खरंच चारचा गजर लावायला सुरुवात केली, म्हणून हे लिहितोय.

आधी ते ‘तीनच दिवस’. भाचीचा सोमवार सकाळी आठला सुरू होतो. आधी थिअरी, मग चार तासांचं प्रॅक्टिकल, सुटायला साडेपाच. मंगळवारी दुपारी एक ते दोन एकच लेक्चर, त्यासाठी बसने जाऊन-येऊन दोन तास. बुधवारी काहीच नाही. गुरुवार-शुक्रवार पुन्हा सोमवारसारखे. हे असं वेडंवाकडं का? लॅब एक, बॅचेस तीन, त्यामुळे प्रॅक्टिकल आळीपाळीने. त्यात कितीतरी विषय तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम शिकवतात. त्यांना तासावर पैसे, म्हणून ते दोन-तीन कॉलेजं धरतात आणि ज्या दिवशी इकडे येतात त्याच दिवशी आपले सगळे तास उरकतात. यात मुलांचा आळस कुठून आला?

आणि हिशेबच करायचा तर नीट करू. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदव्युत्तरला एका सत्राला 22 क्रेडिट असतात; क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं काम मोजायचं माप. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एका क्रेडिटला 30 तासांचं काम धरतो, म्हणजे वर्गातलं, लॅबमधलं आणि घरचं मिळून. 22 गुणिले 30 म्हणजे 660 तास. सत्राचे 15 आठवडे धरले तर आठवड्याला 44 तास. दाजी ऑफिसात यापेक्षा फार जास्त बसत नसावेत.

आता झोपेचा मुद्दा. बाकीचे मुद्दे नुसते बावळट आहेत, हा धोकादायक आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये ‘स्लीप’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. 48 धडधाकट माणसं घेतली. काहींना रोज चार तास, काहींना सहा, काहींना आठ तास झोपू दिलं, सलग 14 दिवस. दिवसभरात अधूनमधून साधी चाचणी: पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचं. चार आणि सहा तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या. दोन आठवड्यांनी सहा तासवाल्यांचीसुद्धा अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. खरी मेख पुढे आहे. ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नावर त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. म्हणजे डोकं मंदावत होतं आणि मालकाला पत्ता नव्हता. ‘मला काही होत नाही, मी पाच तासांत फ्रेश असतो’ असं सांगणाऱ्यांच्या शब्दाची किंमत एवढीच.

आता हे घेऊन गुरुवारच्या लॅबमध्ये चला. गोल बुडाचा फ्लास्क रिफ्लक्सला लावलाय, म्हणजे आतलं द्रावण उकळतंय आणि वरच्या कंडेन्सरमध्ये वाफ थंड होऊन परत खाली येतेय; त्या कंडेन्सरची पाण्याची नळी नीट बसलीय की नाही हे बघायचं, शेजारी कोणीतरी काँसंट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड मोजून घेतंय. इथे उशिरा दाबलेलं बटण म्हणजे भाजलेला हात. पाच तासांची झोप नेमकी अशा दिवसांसाठी सुचवणाऱ्याने आयुष्यात लॅबचा उंबरा ओलांडलेला नाही, एवढं नक्की.

21 दिवसांचं पुराण थोडक्यात. एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं की, रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी अभ्यास आला. पुढे लंडनमध्ये सवयी मोजल्या तेव्हा आकडा साधारण 66 दिवसांवर गेला, तोही माणसागणिक वेगळा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. उठायची वेळ रोज एकच असावी, हे फॉरवर्डमधलं म्हणणं बरोबर आहे. बुधवारी अकरापर्यंत लोळलं की रात्री झोप लागत नाही आणि गुरुवारची सकाळ बोंबलते. पण एकच वेळ म्हणजे चार वाजता कशाला? आठचं लेक्चर गाठायला सहाला उठावं लागत असेल, तर सातही दिवस सहा, आणि रात्री दहाला आडवं व्हायचं.

‘रोज सहा तास अभ्यास’ तर सोमवारी जमणारच नाही, आणि जमला नाही की मुलं स्वतःला शिव्या घालत बसतात. उलट सोमवार-गुरुवार-शुक्रवारी घरी आल्यावर फक्त त्या दिवशीची निरीक्षणं जर्नलमध्ये उतरवायची, रीडिंग विसरायच्या आत. बस्स. थिअरीचं मोठं काम, सेमिनारची तयारी, मेकॅनिझम्स (रासायनिक क्रिया कोणत्या टप्प्यांनी होते ते) सोडवणं हे सगळं बुधवारी. मंगळवारी त्या एका लेक्चरसाठी जायचंच आहे तर दहालाच निघावं आणि आधीचे दोन तास लायब्ररीत काढावेत. अभ्यासाचे तास आठवड्यावर मोजावेत, दिवसावर नाही.

राहिली मोकळ्या दिवसाची नोकरी. ज्यांना पैशांची गरज आहे ती मुलं आधीच शिकवण्या घेतायत, त्यांना फॉरवर्डची वाट बघावी लागली नाही. बाकीच्यांना नोकरी देणार कोण? सत्राच्या मध्यात एखाद्या मॅडमना दुसरीकडे जास्त तास मिळतात, इकडचं टाइमटेबल नव्याने लागतं, आणि बुधवार मोकळा होता तो शनिवारवर जातो. मालकाला काय सांगायचं, पुढच्या आठवड्यापासून शनिवारी येते म्हणून?