'असूनही' हा शब्द मला नको

सकाळी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. वर उगवत्या सूर्याचं चित्र, खाली मजकूर: व्हीलचेअरला खिळलेले असूनही चार्ल्स क्राउथॅमर अमेरिकेतले मोठे स्तंभलेखक झाले, मग आपण का रडायचं? खाली सतरा जणांनी हात जोडलेत. माझ्या दादालाही त्यात टॅग केलंय. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, म्हणून हे लिहितेय.

त्या अख्ख्या मजकुरात हा माणूस काय लिहायचा, याबद्दल एक ओळ नाही. एकही नाही! तेहेतीस वर्षं 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये दर आठवड्याला लिहिणारा माणूस, १९८७ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळवलेला माणूस, आणि आपल्याला दिसली फक्त खुर्ची.

माझ्या जुन्या मित्रमंडळींना दादाची गोष्ट माहीत आहे. मे १९९४. गावची विहीर, उन्हाळ्याने पाणी खाली गेलेलं, दादाने नेहमीच्या कठड्यावरून सूर मारला. मान मोडली. वय एकोणीस. पाय गेले, हात वाचले पण बोटांत जोर राहिला नाही. दोन वर्षांनी तो एस.वाय.च्या परीक्षेला बसला. ती परीक्षा कॉलेजच घ्यायचं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. चार मित्रांनी खुर्ची उचलून नेली, रोज. दादाने मागितलं एवढंच की, लेखनिक द्या. तो मिळाला. निकाल लागला, ५८ टक्के. तेव्हा कॉलेजातल्या एका मोठ्या माणसाने घरी निरोप पाठवला, दोन टक्क्यांचं आम्ही बघून घेतो, फर्स्ट क्लास करून टाकू, सत्कार करू. आई तर देवापाशी साखर ठेवायला निघाली होती. दादा म्हणाला, लेखनिक मागितला होता, मार्क नाही मागितले.

क्राउथॅमरचंही असंच पाण्यातलं. १९७२, हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजचं पहिलं वर्ष, पोहण्याच्या तलावात सूर मारला आणि मणक्याला मार लागला. वय बावीस. चौदा महिने हॉस्पिटलात. तिथले एक डीन होते, हर्मन लिस्को. त्यांनी याचा अभ्यास तिथेच चालू राहील अशी सोय लावली, प्राध्यापक संध्याकाळी खाटेपाशी येऊन शिकवायचे. पास मात्र कुणी असंच केलं नाही. १९७५ मध्ये तो आपल्याच बॅचबरोबर डॉक्टर झाला. पुढे लिस्को गेले तेव्हा त्याने त्यांच्यावर कृतज्ञतेने लेख लिहिला. लेखनिक दिला, मार्क दिले नाहीत. फरक कळतोय का?

पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून नाव काढलं. १९७८ मध्ये वॉशिंग्टनला गेला तो कार्टर सरकारातल्या कामासाठी. १९८० मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष मॉन्डेल यांची भाषणं लिहायचा, म्हणजे पक्का डेमोक्रॅट! तिथून 'न्यू रिपब्लिक' मासिकात लिहू लागला आणि हळूहळू उजवीकडे सरकला. 'रेगन डॉक्ट्रिन', म्हणजे कम्युनिस्ट राजवटींविरुद्ध लढणाऱ्यांना मदत करण्याचं रेगन यांचं धोरण, हा शब्द १९८५ मध्ये त्यानेच रूढ केला. १९९० मध्ये, सोव्हिएत संघ मोडकळीला आलेला असताना, आता जग एकध्रुवीय, म्हणजे एकाच महासत्तेचं झालंय आणि अमेरिकेने ते खुशाल मान्य करावं, असं मांडलं. इस्रायलसाठी तर जीव तोडून लिहायचा. मॉन्ट्रियलमध्ये ऑर्थोडॉक्स ज्यू घरात वाढलेला. पुढे कर्मठपणा गेला, पण ज्यूपण कधीच सोडलं नाही. विसरल्या गेलेल्या ज्यू अभिजात संगीताच्या मैफली व्हाव्यात म्हणून त्याने आणि बायकोने संस्था काढली. आणि उजवा असला तरी गर्भपात कायदेशीर असावा म्हणायचा, फाशीला विरोध करायचा, ट्रंप यांच्यावर सडकून लिहायचा. एका खणात बसणारा नव्हताच.

दादाच्या हाती हे लेख लागले २००२ च्या सुमारास. घरी बसून लोकांची इन्कम टॅक्सची कामं करायचा, रात्री डायल-अपवर शुक्रवारचा लेख उघडायचा. आणि आमची भांडणं सुरू झाली. २००३, इराक. मी युद्धाविरोधी मोर्चाला गेले होते. दादा क्राउथॅमरच्या, म्हणजे युद्धाच्या बाजूचा. एप्रिलमध्ये क्राउथॅमर म्हणाला होता की पाच महिने थांबा, ज्यांच्यासाठी युद्ध केलं ती संहारक शस्त्रं तोवर इराकमध्ये सापडली नाहीत तर आमच्या विश्वासार्हतेचा प्रश्न येईल. सापडली नाहीत. मी सप्टेंबरात कॅलेंडर घेऊन दादासमोर बसले. त्या युद्धात किती माणसं मेली, ते मी आजही या माणसाला माफ केलेलं नाही आणि करणार नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनो, हे का नाही लिहिलंत? कारण खुर्चीतल्या माणसावर रागवायचं नसतं ना! त्याला फक्त हात जोडायचे!

टीव्हीवर तो छातीपासून वरच दिसायचा. कित्येक प्रेक्षकांना वर्षानुवर्षं त्याची खुर्ची माहीतच नव्हती. शिव्या देणारे मोकळेपणाने द्यायचे. दादाला याचं किती अप्रूप होतं! पोलिओने पाय गेलेले अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या स्मारकात त्यांना व्हीलचेअरवर दाखवा अशी अपंगांच्या संघटनांची मागणी होती, त्यालाही क्राउथॅमरने विरोध केला. जे त्या माणसाने जन्मभर झाकलं ते तुम्ही उघडं करू नका, असं त्याचं म्हणणं. इथे मला संघटनांचंच पटतं. पुढे तसा पुतळा बसला ते बरंच झालं, लहान मुलांना दिसू दे. दादाला हे पटत नाही. तोही वाद चालूच आहे.

मान्य, फॉरवर्ड करणाऱ्या मावशींच्या मनात वाईट काही नव्हतं. कुणाला त्यातून उभारी मिळतही असेल.

पण त्या ५८ टक्क्यांच्या गुणपत्रिकेकडे मी कितीदा पाहिलंय. दादाने ती लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. दोन टक्के घेतले असते तर सत्कार झाला असता, पेपरात फोटो आला असता, आणि नंतर त्याने कष्टाने मिळवलेल्या प्रत्येक गोष्टीकडे लोकांनी त्याच नजरेने बघितलं असतं. एकवीस वर्षांच्या मुलाला हे कसं कळलं, मला अजून उमगत नाही. मला नसतं कळलं. मी साखर वाटली असती.

८ जून २०१८ ला क्राउथॅमरचं निरोपाचं पत्र आलं. कॅन्सर परतलाय, काही आठवडेच हातात आहेत, आयुष्याबद्दल खंत नाही, जसं जगायचं ठरवलं तसं जगलो, असं लिहिलं होतं. दादाने रात्री अकराला फोन करून मला ते वाचून दाखवलं. वाचताना एकदा थांबला. तलावाचा, खुर्चीचा उल्लेखच नव्हता त्यात. तेरा दिवसांनी क्राउथॅमर गेला, अडुसष्टाव्या वर्षी. त्या रात्री आम्ही इराकचा विषय काढला नाही. एवढंच.

आता लिहिता लिहिता ग्रुप उघडून पाहिला. दादाने हात जोडलेल्या त्या रांगेखाली लिहिलंय, 'इराकबद्दल हे चुकले असं माझी बहीण म्हणते. मला तसं वाटत नाही. यावर कुणाला बोलायचंय का?'

अजून कुणीच बोललेलं नाही. मी जाते.