आयपी ६५ म्हणे! आणा हा डबा कोकणात

‘वेदरप्रूफ, डस्टप्रूफ, आयपी ६५’ असं ठळक अक्षरांत छापून विजेचं सामान बसवायचा जो पत्र्याचा पॅनेल बॉक्स मला विकला गेला, त्याच्या बंद दाराच्या कोपऱ्यातून वर्तमानपत्राची पट्टी आरपार सरकते. लॉक पूर्ण फिरवलेलं, दार घट्ट लागलेलं, तरी पट्टी दोन बोटांत धरून ओढली की विनाअडथळा बाहेर. कारण दाराची फट बंद करणारं गॅस्केट म्हणून आत जे लावलंय ते स्पंजच्या टेपचे चार तुकडे आहेत, आणि चारही कोपऱ्यांत त्यांची टोकं एकमेकांना टेकतसुद्धा नाहीत. आयपी ६५ म्हणजे डबा धूळ-पाणी किती अडवतो त्याचा दर्जा. त्यातल्या सहाचा अर्थ धूळ अजिबात आत जाणार नाही. पाचाचा अर्थ कुठल्याही बाजूने पाण्याचा झोत मारला तरी आतल्या सामानाला धोका नाही. इथे झोत राहू दे, नुसती पावसाळी हवा आत-बाहेर करतेय. आणि हे लोक बिनदिक्कत आकडा छापतात, कारण विचारणारं कोणी नाही!

मी वेंगुर्ल्याजवळ राहतो. मागच्या पडवीत छंद म्हणून सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, उभा केलाय. प्लायवूडवर जाळ्या, नावाच्या पाट्या आणि मुख्य म्हणजे गणपतीची मखरं कापतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून लाकडी मखरांना मागणी आहे. हे काम कधी येतं? आषाढ-श्रावणात. म्हणजे वर्षातली सर्वांत ओली, सर्वांत कुबट हवा असते नेमकी तेव्हा मशीन जास्तीत जास्त तास चालायला हवं. म्हणून तर सगळं एका बंद डब्यात घालायचं होतं. पॅरलल पोर्टवाला (जुन्या प्रिंटरचा असायचा तो) जुना डेस्कटॉप, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस, मोटर फिरवणारे स्टेपर ड्रायव्हर, कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचा ब्रेकआउट बोर्ड, रिले, सगळं. मी मशीन चालवतो त्या लिनक्ससीएनसी सॉफ्टवेअरच्या या जोडणीत मोटरला एकेक पाऊल हलवणारे स्टेपचे पल्स कॉम्प्युटरच पॅरलल पोर्टातून सोडतो, त्यामुळे कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि मशीन पडवीत, असली लांबलचक केबलची सोय चालत नाही. तो मशीनजवळच हवा, आणि मशीनजवळ म्हणजे प्लायच्या भुशात.

आता विक्रेत्याचं उत्तर ऐका. ‘सर, आयपी ६५ होल न पाडता असतं.’ अरे, मग केबल काय पत्र्यातून झिरपत जाणार आहेत? ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळायची सीलबंद चकती, लावायला भोक पाडावंच लागतं, आणि योग्य ग्लँड नीट आवळली की सील टिकतं, त्यासाठीच तर ती बनवतात. आणि मी अजून एकही भोक पाडलेलं नव्हतं! पट्टी सरकली ती दारातून. मग दुसरं उत्तर आलं, ‘इनडोअर यूज आहे ना सर? मग काय प्रॉब्लेम?’ परत घ्या म्हटलं तर मूळ पॅकिंगमध्ये, भाडं तुमच्या खर्चाने. मूळ पॅकिंग म्हणजे फाटका खोका. गावापर्यंत डिलिव्हरी नाही म्हणून तो मी स्वतः कुडाळहून टेम्पोने आणला होता. म्हणजे यायचं भाडं मी दिलं, जायचंही मीच द्यायचं, आणि खोटं छापणारा मोकळा. डोक्यात तिडीक जाते!

पण गॅस्केट ही तरी बदलता येणारी गोष्ट. खरा संताप अर्थिंगचा आहे, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. डब्यात अर्थची वायर जोडायचा स्टड (बोल्ट) दिलाय, खाली पिवळं-हिरवं स्टिकरही चिकटवलंय, दिसायला एकदम व्यवस्थित. मल्टिमीटरचं एक टोक स्टडवर ठेवलं, दुसरं बॉक्सच्या पत्र्यावर जिथे रंग खरवडला होता तिथे. बीप नाही! स्टड पावडर कोटिंगच्या वरून नुसता नटाने आवळलेला. रंग म्हणजे इन्सुलेशन, हे पॅनेल बनवणाऱ्याला माहीत नाही? दार वेगळं बिजागरावर, त्यावर इमर्जन्सी स्टॉप आणि मेन स्विच बसणार, आणि दाराला जोडणारी अर्थची वायर गायब. बिजागरातून अर्थ मिळेल असं गृहीत धरलंय, तेही रंगवलेल्या बिजागरातून. उद्या एखादी २३० व्होल्टची वायर घासून दाराला लागली तर एमसीबी पडणार नाही, दार तसंच जिवंत राहील आणि पहिला हात लावणाऱ्याला समजेल. शिवाय आमच्याकडे कातळावर, जांभ्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, पाणी घालत राहावं लागतं. अशा ठिकाणी डब्याने स्वतःचं काम तरी चोख करायला नको का? तिथेच तोंडाला पानं पुसलेली.

आणि मग सल्ले! ज्याला-त्याला विचारा, एकच पालुपद. ‘गरम होतंय? एक फॅन लाव मरे, काय्येक होवचा नाय.’ व्हिडिओत पण तेच: डब्याला एका बाजूने जाळी, दुसऱ्या बाजूने फॅन, झालं काम. ते व्हिडिओ कोरड्या शहरातल्या वर्कशॉपमधले. इथे फॅन काय आत ओढतो, याचा कोणी विचार करतं का? १२० मिलिमीटरचा साधा एसी फॅन मिनिटाला साधारण दोन घनमीटर हवा ओढतो. आठ तास मशीन चाललं की जवळजवळ हजार घनमीटर. समुद्रावरून आलेली हजार घनमीटर हवा रोज सर्किट बोर्डावरून जाणार! तिच्यात मिठाचे बारीक कण असतात. मीठ कोरडं असेपर्यंत गप्प बसतं, पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि विरघळतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली उतरते तरी कुठे? म्हणजे बोर्डवर पाण्याचा थेंब न पडताही खारट पाण्याचा पातळ थर बसतो, जो वीज वाहतो. त्यावर प्लायचा, एमडीएफचा भुसा बसला की तो ती ओल धरून ठेवतो.

याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून तर लोक बेफिकीर असतात. आधी मशीनला कडेला थांबवणारा लिमिट स्विच उगाचच ट्रिगर होतो. मग एखाद्या ॲक्सिसच्या (हालचालीच्या दिशेच्या) स्टेप चुकतात, मखराच्या कमानीची नक्षी मध्येच दोन मिलिमीटर सरकते आणि प्लायची शीट वाया जाते. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसता. शेवटी ब्रेकआउट बोर्डची पिन उपसून बघता तर तिच्या बुंध्याशी हिरवट पूड, आणि कनेक्टरच्या आतला तांब्याचा पत्रा तपकिरी पडलेला. असे बोर्ड मी आसपासच्या मित्रांच्या मशीनमधून काढलेत, प्रत्येक डब्याला फॅन होता.

वर फॅन लागतोच असंही नाही. हे तर कोणी सांगतच नाही! रंगवलेला पत्रा स्वतःच उष्णता बाहेर टाकतो, दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला, अंदाजे साडेपाच वॅट. ८०० बाय ६०० बाय ३०० मिलिमीटरचा डबा भिंतीला लावला तरी त्याचा सव्वा चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग मोकळा राहतो. आतलं सामान मिळून शंभर वॅट उष्णता सोडत असेल तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चौदा-पंधरा अंशांनी वाढेल. पडवीत ३२ असेल तर आत ४७ च्या आसपास. एसएमपीएसची क्षमता बहुधा ५० अंशांच्या पुढे उतरायला लागते, म्हणजे त्याच्या आतच काम होतं. फक्त डबा मोठा घ्यायचा, ड्रायव्हरचे हीटसिंक बॉक्सच्या पत्र्याला थेट टेकवायचे, आणि स्पिंडलचा, म्हणजे कापणाऱ्या मोटरचा, वेग सांभाळणारा व्हीएफडी वेगळ्या डब्यात ठेवायचा. तो सर्वांत गरम होतो आणि सिग्नल बिघडवणारा विजेचा नॉइजही सर्वांत जास्त तोच सोडतो. इतकं साधं गणित विकणाऱ्याने करून द्यायला काय हरकत आहे? पण नाही, लहान डबा, वर दोन फॅन फुकट, ‘कॉम्बो ऑफर’.

कोणी म्हणेल फायबरचा डबा कर, गंजणारच नाही. मालवणात, रत्नागिरीत फायबरच्या होड्या करणारे कारागीर आहेत, डबा उत्तम करून देतील. पण फायबर पत्र्याइतकी उष्णता बाहेर सोडत नाही आणि स्पिंडलच्या नॉइजला अडवत नाही. त्यामुळे पत्राच हवा, आणि समुद्राकाठी पत्रा म्हटलं की निदान बिजागरं, स्क्रू, लॉक तरी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस हवं. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा जास्त टिकतं. माझ्या डब्याचे स्क्रू साध्या लोखंडाचे, वरून चकचकीत मुलामा. पहिल्या पावसातच त्यांच्याभोवती तांबडे ओघळ आले.

रात्री मशीन बंद झालं की डबा थंड होतो आणि आत दव धरतं, म्हणून आत लहानसा पॅनेल हीटर ठेवावा लागतो. आमच्या आया कपाटात बुरशी येऊ नये म्हणून बल्ब लावून ठेवायच्या, तेच तत्त्व. पण वारा सुटला, झाड पडलं की लाईट गेली, आणि लाईट गेली की हीटरही गेला. तेव्हा सगळी भिस्त सीलवर असते. त्या चार स्पंजच्या तुकड्यांवर!

आता कुडाळच्या एका फॅब्रिकेटरकडून स्टड पत्र्याला वेल्ड करून घेतोय, दाराला विणीव तांब्याची पट्टी टाकतोय, जुनी टेप खरवडून अखंड गॅस्केट बसवतोय. सगळा खर्च माझ्या खिशातून, तयार डब्याचे पूर्ण पैसे मोजल्यावर. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी तीन फोटो मागणार आहे: गॅस्केटचा कोपरा, स्टडचं वेल्डिंग, दाराची अर्थ वायर. समुद्राजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने मागावेत. नाही पाठवले तर डबा त्यांनी स्वतःच्याच गोडाऊनमध्ये ठेवावा.