साडेतीन दाढांचा शहाणा

आषाढी एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीतला एक अर्धवट कुटलेला दाणा माझ्या खालच्या शेवटच्या दाढेमागे गेला, तो परत आलाच नाही. द्वादशीला गाल सुजला. त्रयोदशीला तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना.

आमच्या वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथल्या घाटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली. ती त्या रात्री कुणीतरी माझ्या जबड्यात आणून टांगली आणि पहाटेपर्यंत दोरी ओढत बसलं.

आईने लवंग दिली. "अक्कलदाढ असणार. लोकांना सतराव्या-अठराव्या वर्षी येते. तुझं सगळंच उशिरा. चालायलासुद्धा दीड वर्ष लावलंस." मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि लवंगेने गाल भरलेला होता, म्हणून वाद घातला नाही.

खरं तर मी आमच्या घरातला शहाणा. हे मी म्हणत नाही, घरचेच म्हणतात, फक्त म्हणताना आधी 'मोठे' आणि नंतर 'लागून गेलात' लावतात. विजेचं बिल ओळीओळीने तपासणारा, विम्याचे बारीक अक्षरातले नियम वाचणारा, आंब्याच्या पेटीतला खालचा थर आधी बघणारा मीच. मराठीत हा शब्द कौतुकाने वापरतात तो फक्त पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आणि लाथ न मारणाऱ्या म्हशीसाठी. पुढे तो टोमण्यातच राहायला जातो. त्यात अर्ध्याची भर घातली की दीडशहाणा, म्हणजे माल वाढला आणि भाव उतरला. अतिशहाण्याचा तर बैलच रिकामा.

दवाखान्यात एका यंत्रापुढे उभं केलं, दातांत कांडी धरायला लावली आणि "हलू नका" म्हणून ते यंत्र डोक्याभोवती असं फिरलं, जणू ओवाळणीच चाललीय. मग पडद्यावर माझी अख्खी बत्तिशी उमटली. डॉक्टर तरुण होत्या. "काका," त्या म्हणाल्या (हे वेगळंच दुखलं), "अक्कलदाढा चार आहेत. तीन नीट आल्यात. चौथी आडवी झोपलीय, अर्धीच बाहेर. तिच्यावर हिरडीची झालर आहे, तिच्याखाली अन्न अडकतं. काढावी लागेल."

"साडेतीन!" मी जमेल तेवढा ओरडलो.

तोंडात आरसा असताना पेशवाई सांगणं अवघड असतं, पण वाईच्या माणसाला ते जमतं. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे. कारण पहिले तिघे कलमाबरोबर तलवारही चालवत, नानांचं नुसतं कलम. मी तिथल्या तिथे दाढांची बारशी केली. आडवी होती ती अर्थातच नाना.

"यातलं सुखात कोण मेलं हो?" बायकोने बाजूच्या खुर्चीतून विचारलं. तिला इतिहासाची आवड नाही, त्यामुळे तिचे प्रश्न सरळ असतात.

मी आठवू लागलो. विठ्ठल सुंदर 1763 मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडले. सखारामबापू कैदेत गेले. नानांनासुद्धा उतारवयात दौलतराव शिंद्यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं होतं. देवाजीपंतांपर्यंत पोचायच्या आत कळ आली.

घरी मुलीने एक्सरेचा ताबा घेतला. ती नीटची तयारी करते, म्हणजे तिला सगळं येतं. दाढेच्या मुळाखालून जाणारी नस तिने बोटाने दाखवली. "धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, बाबा. शक्यता कमी असते." मग माझं मन रमावं म्हणून आणखी ज्ञान दिलं : तुर्कस्तानात हिला विसाव्या वर्षाची दाढ म्हणतात, कोरियात प्रेमाची, आणि जपानी भाषेतल्या नावाचा अर्थ आईबापांना पत्ता नसलेली. तिच्या हुशारीचा मला अभिमान आहे. पण पहिल्या वाक्यानंतर मी काही ऐकलं नव्हतं. रात्री दोनपर्यंत मी मोबाइलवर त्या नसेचा पाठपुरावा केला. शेजारी बायको पाठ टेकताच झोपली होती. ती नेहमीच अशी झोपते. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी अजून ती युक्ती शोधतोय.

युक्ती दुसऱ्या दिवशी सापडली. संमतिपत्राचा कागद मी तिसऱ्यांदा वाचत होतो, तोवर "आलोच आहोत तर" म्हणून तिने आपली थंड पाण्याने ठणकणारी दाढ दाखवली. तिलाही त्या यंत्राने ओवाळलं. डॉक्टरांनी पडदा दोनदा मोजला.

"काकू, तुम्हाला अक्कलदाढा नाहीतच."

"काढल्यात?"

"नाही. तयारच झाल्या नाहीत. अठ्ठावीसच दात आहेत. काहींचं असं असतं."

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते सुजेत झाकलं गेलं. पण डॉक्टर थांबेनात. माणूस शिजवलेलं मऊ खायला लागला, जबडा लहान होत गेला, या दाढांना जागा उरेना, असं मानतात; त्या हिशेबाने काकू पुढच्या आणि काका मागचे. बायको एवढंच म्हणाली, "बरं झालं, चार दाढांचा खर्च वाचला."

पाऊण तास लागला. सुई टोचली तेवढीच दुखली. पुढे नुसते आवाज. नाना सहज निघेनात, तेव्हा त्यांचे दोन तुकडे करून बाहेर काढलं. तीन टाके घातले आणि कापसाची घडी दाबून सांगितलं, "तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही. आज थंड खा."

बाहेर रिक्षावाल्याने ऐंशी रुपये सांगितले. पन्नासच्या वर एक पैसा होत नाही, हे मला अंतरासकट पाठ आहे. "म्म्म!" मी म्हणालो. "बसा हो," बायको म्हणाली. रिक्षावाला इतका खूश झाला की वाटेत त्याने आपण होऊन आइस्क्रीमच्या दुकानापाशी गाडी थांबवली. तिथे सीताफळाचा मोठा डबा छापील किमतीला घेतला गेला. शेजारी तोच डबा दहा रुपये कमी होता. "म्म्म म्म्म!" घरापर्यंत ती दोघं पावसाविषयी गप्पा मारत होती.

रात्री सगळे आइस्क्रीम खायला बसले. आईने कवळी काढून वाटीत ठेवली, तिला आइस्क्रीम कवळीशिवायच आवडतं. एकही दात नसलेली आई आणि चार कमी असलेली बायको दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. मी डबीतल्या नानांचे तुकडे दाखवले.

"कौलांवर टाक," आई म्हणाली. लहानपणी माझे सगळे दात तिने तिथेच टाकायला लावले होते. "नवी येईल."

मी डबी घट्ट बंद केली आणि कपाटात ठेवून किल्ली उशीखाली घेतली. दिवा मालवल्यावर उरलेल्या तिन्ही एकदम काढल्या तर डॉक्टर किती कमी करतील, याचा हिशेब मांडायला घेतला. बायको झोपली होती.